उत्तरचरिताचा प्रश्न : संभाजीकथेची मराठी पुनर्रचना

१

वीरकथेचा पूर्वार्ध जितका दैदीप्यमान, तितका तिचा उत्तरार्ध अवघड होऊन बसतो. पहिल्या भागाने वाचकाच्या मनात जी अपेक्षा निर्माण केलेली असते तिचे ऋण दुसऱ्या भागाला फेडावे लागते, आणि बहुधा ते फिटत नाही. मग कोणी तरी त्या उत्तरार्धाची नव्याने मांडणी करू पाहतो. ही प्रवृत्ती केवळ आजच्या करमणुकीच्या व्यवसायाची नाही. ‘सुपरमॅन’ या अतिमानवी नायकाच्या दुसऱ्या चित्रपटाचे काम रिचर्ड डॉनर या दिग्दर्शकाकडून काढून घेण्यात आले होते. त्याची मूळ कल्पना शक्य तितकी जुळवून सिद्ध केलेली आवृत्ती पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन अडीच दशकांपूर्वीचा उत्तरार्ध नव्याने पाहावासा वाटावा, यातील मानसिक गरज मात्र फार जुनी आहे. ‘दोन किहोते’च्या पहिल्या भागानंतर १६१४ मध्ये आवेयानेदा या टोपणनावाने कोणीतरी त्याचा बनावट दुसरा भाग छापला, तेव्हा सर्व्हान्तेसने १६१५ मध्ये स्वतःचा दुसरा भाग काढून त्याला उत्तर दिले. एवढेच नव्हे, तर त्या बनावट ग्रंथाचा उल्लेखही त्याने आपल्या कथेच्या पोटात घातला.

आपल्याकडे या प्रश्नाची सर्वांत प्रगल्भ मांडणी विदर्भातील पद्मपूरचे मूळ सांगणाऱ्या भवभूतीने केली. त्याने रामकथेवर दोन नाटके लिहिली आणि त्यांची नावेच बोलकी आहेत. ‘महावीरचरित’ ही महान वीराची कथा. ‘उत्तररामचरित’ ही त्या वीराच्या नंतरच्या आयुष्याची. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडातील सीतात्याग हा रामभक्त वाचकाला कायम सलणारा भाग. भवभूतीने तो वगळला नाही. उलट पहिल्याच अंकात चित्रदर्शनाच्या निमित्ताने पूर्वचरित डोळ्यांसमोर उभे करून त्याने त्यागाचा आघात अधिक तीव्र केला, आणि सातव्या अंकातील गर्भनाटकातून सीता-रामांचे पुनर्मीलन घडवून शेवट मात्र बदलला. दोष ठेवून, त्या दोषाचे दुःख नायकाला पुरेपूर भोगायला लावून, मग त्याला मुक्त करणे अशी ही रीत आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राने अशा बदलाला मान्यताही दिली होती. रसाला प्रतिकूल असलेले इतिवृत्त कवीने टाकावे आणि अनुकूल ते कल्पावे, असे आनंदवर्धन ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतात सांगतो. कुंतकाने तर मूळ कथेतील प्रकरणात कवीने घातलेल्या नव्या भरीला वक्रतेचाच एक प्रकार मानले. शाकुंतलातील दुर्वासशाप हे त्याचे परिचित उदाहरण. ॲरिस्टॉटल मात्र एक मर्यादा घालतो : परंपरेने आलेल्या कथांचा गाभा मोडू नये, क्लायटेम्नेस्ट्रा ओरेस्टिसच्या हातूनच मरायला हवी. कवीचे कौशल्य त्या गाभ्याचा चांगला उपयोग करण्यात आहे.

या दोन भूमिकांमधला ताण ऐतिहासिक साहित्यात कमालीचा वाढतो. तेथे गाभा परंपरेने नव्हे, तर घडलेल्या घटनांनी ठरवलेला असतो. मराठी साहित्यात याची कसोटी लागली ती संभाजीकथेत. शिवचरित्र हे महाराष्ट्राचे ‘महावीरचरित’. त्याचे ‘उत्तरचरित’ मात्र दीड-दोन शतके अपेक्षाभंगाची कथा म्हणून सांगितले गेले, आणि विसाव्या शतकात त्याची जवळजवळ संपूर्ण पुनर्रचना झाली. ती कशी झाली, तिने काय मिळवले आणि काय गमावले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या कथेचा भूगोल लक्षात घेण्याजोगा आहे. महाबळेश्वरच्या पश्चिमेला, जावळीच्या अरण्यात प्रतापगड उभा आहे. १६५६ मध्ये जावळी ताब्यात आल्यावर तो बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. शिवकथेच्या पूर्वार्धातील हा सर्वांत नाट्यपूर्ण क्षण. पोवाड्यापासून पाठ्यपुस्तकापर्यंत सर्वत्र तो कथेचा शिखरबिंदू म्हणून येतो. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते गडावर अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा त्या क्षणाला राष्ट्रीय प्रतिमेचे स्थानही मिळाले.

याच महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णा आणि वेण्णा या नद्या साताऱ्याजवळ माहुलीला एकत्र येतात. उत्तरकथेतील सर्वांत अवघड प्रकरणाचा आरंभ या संगमावरचा आहे. १६७८ मध्ये सज्जनगडावर राहण्यास पाठवलेले युवराज संभाजीराजे त्या वर्षीच्या डिसेंबरात माहुलीहून निघाले आणि मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. पुढे एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड जिंकला, तेव्हा ते त्याच्या फौजेत होते. हा गड म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातला बाणूरगड. गडाचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. समोर युवराज उभे असताना तोफा डागायच्या कशा, हा त्याच्यापुढचा पेच आणि गड पडल्यावर पकडलेल्यांचे हात तोडल्याची हकीगत, यांमुळे हे प्रकरण मराठी मनाला कायम अस्वस्थ करीत आले आहे. त्या वर्षाच्या उत्तरार्धात तिकोटा, अथणी या भागांत दिलेरखानाच्या फौजेने रयतेचे जे हाल केले त्यानंतर संभाजीराजे त्याच्यापासून दुरावले आणि वर्षअखेर पन्हाळ्यावर परतले.

एका बाजूला प्रतापगड, दुसऱ्या बाजूला माहुली आणि भूपाळगड अशी ही मांडणी आहे. नंतरचा भाग तपशिलाने अधिक समृद्ध, पण कथनात पूर्वी फार थोडक्यात येणारा. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले. रायगडावर राजारामांना गादीवर बसवण्याचा प्रयत्न झाला. परंतु सोयराबाईंचे बंधू असूनही कऱ्हाडजवळच्या तळबीडचे हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. १६ जानेवारी १६८१ रोजी राज्याभिषेक झाला. त्यानंतर जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि स्वतः दक्षिणेत उतरलेला औरंगजेब अशा तीन आघाड्यांवर आठ वर्षे झुंज चालली. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला. त्याच १६८७ च्या अखेरीस वाईजवळच्या लढाईत हंबीरराव पडले. फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले आणि ११ मार्च १६८९ रोजी त्यांचा छळ करून वध करण्यात आला.

एवढा कच्चा माल कथनकारांसमोर होता. त्यातून अपेक्षाभंगाची कथाच का घडली, हा खरा प्रश्न आहे.

३

पहिले कारण कथनाच्या रचनेत आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत, वधानंतर काही वर्षांतच लिहिली. तिचा विषय शिवचरित्र. म्हणून संभाजीराजे तेथे येतात ते ‘पुढचा प्रश्न’ म्हणून. मरणासन्न शिवाजी महाराजांच्या तोंडी पुढील काळाची चिंता घातली की ती वाचकाला भाकितासारखी वाटू लागते. पूर्वार्धाच्या शेवटी नायकानेच उत्तरार्धाविषयी शंका व्यक्त केल्यावर उत्तरार्ध वाचण्याआधीच त्याचा निकाल लागलेला असतो. शिवाय ज्यांच्या आज्ञेवरून बखर सिद्ध झाली त्यांना गादीवर बसवण्याचा डाव १६८० मध्ये फसला होता, हेही विसरता येत नाही.

दुसरे कारण साताऱ्यातच सापडते. मल्हार रामराव चिटणीस यांनी सातारच्या छत्रपतींच्या आश्रयाने, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, शिवाजी महाराजांपासूनच्या राजांची चरित्रे लिहिली. संभाजीराजांच्या मृत्यूनंतर तोवर सुमारे १२० वर्षे लोटली होती. चिटणीसांचे पूर्वज बाळाजी आवजी हे १६८१ मध्ये अण्णाजी दत्तो यांच्यासह कटाच्या आरोपावरून संभाजीराजांच्या आज्ञेने मारले गेले होते. म्हणून बखरीतील प्रत्येक वाक्य सूडबुद्धीचे ठरवणे हे अतिसुलभीकरण होईल. कारण बखरकार त्याच घराण्याच्या गादीचा सेवक होता आणि परंपरेने आलेल्या गोष्टीच तो बऱ्याच अंशी नोंदवीत होता. परंतु निवेदकाचे स्थान ओळखल्याशिवाय निवेदन वाचता येत नाही, ही कथनमीमांसेची प्राथमिक अट येथे दीर्घकाळ पाळली गेली नाही.

तिसरे कारण म्हणजे या निवेदनाला मिळालेली छापील आणि परकी प्रतिष्ठा. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास असलेल्या ग्रँट डफने तेथील दप्तरे आणि बखरी हाताळून १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. मोगल तवारिखकार आणि मनुचीसारखे प्रवासी यांची वर्णने या चित्राला पूरक ठरली. विसाव्या शतकात जदुनाथ सरकारांनी दिलेल्या आकारातही हा रंग कायम राहिला, गो. स. सरदेसाई यांनी रियासतीच्या संबंधित खंडाला ‘उग्रप्रकृति संभाजी’ असे नाव दिले. व्यसनी, उतावळा, बापाचे राज्य घालवणारा मुलगा : असा एक साचा सिद्ध झाला. राजवाड्यांनी वाईत हाती लागलेल्या कागदांच्या आधारे १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा आरंभ केला आणि बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर प्रहार केले, तरी त्या प्रहारांचा लाभ संभाजीचरित्राला मिळायला आणखी सहा दशके जावी लागली.

४

हा साचा रंगभूमीला सोयीचा होता, हे मान्य केले पाहिजे. पडणारा नायक नाटककाराला नेहमीच मोह घालतो. राम गणेश गडकरी यांचे ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. १९१९ मध्ये त्यांच्या निधनानंतर ते पुढे छापले गेले. तुळशीच्या मोहात सापडलेला आणि अखेर राजपदाच्या अर्थाचा साक्षात्कार झालेला संभाजी गडकऱ्यांनी उभा केला. त्या चित्रणामागील सामग्री चिटणिशी परंपरेची आहे आणि ती आज टिकत नाही. परंतु गडकऱ्यांनी त्या सामग्रीचे जे केले ते निव्वळ निंदेचे काम नव्हते. वारसाला पूर्वार्धाची उंची आपल्या पतनातूनच कळते, अशी पश्चात्तापाची शोकात्म रचना त्यांना करायची होती. विष्णु हरि औंधकरांच्या ‘बेबंदशाही’त (१९२४) लक्ष व्यक्तीकडून राज्याच्या अवस्थेकडे सरकते, शीर्षकच त्या कारकिर्दीवरचा अभिप्राय बनते. या दोन्ही नाटकांत उत्तरार्ध हा ‘हानी’चा काळ आहे, याबद्दल शंका नाही.

निर्णायक बदल घडला तो साहित्याने नव्हे, संशोधनाने. १९२६ मध्ये ह. दा. वेलणकरांनी संपादिलेला ‘बुधभूषण’ हा संभाजीराजांचा संस्कृत ग्रंथ भांडारकर संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला, तेव्हा साच्यात न बसणारा एक विद्याव्यासंगी युवराज समोर आला. वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घ परिश्रमांनंतर १९६० मध्ये ‘छत्रपती संभाजी महाराज’ हे चरित्र प्रसिद्ध केले आणि १९७१ मध्ये कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. बेंद्र्यांच्या कामाचे साहित्यिक महत्त्व असे की त्यांनी शेवट बदलला नाही, प्रसंगही फारसे बदलले नाहीत. साक्षीदारांची उलटतपासणी केली. इंग्रजी साहित्यात जोसेफिन टे यांच्या १९५१ च्या कादंबरीने तिसऱ्या रिचर्डच्या बाबतीत, शेक्सपिअरने रूढ केलेल्या प्रतिमेविरुद्ध, हेच केले होते. तेथे एक गुप्तहेर रुग्णशय्येवरून पुरावे तपासतो. येथे एका इतिहाससंशोधकाने ते प्रत्यक्ष दप्तरांत केले.

बेंद्र्यांच्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, वसंत कानेटकर यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले. कानेटकर सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे, कवी गिरीशांचे चिरंजीव. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकलेले. ज्या परिसरात अपेक्षाभंगाची कथा रचली गेली, त्याच परिसरातून तिची पुनर्रचना करणारा नाटककार यावा हा योगायोग असला तरी अर्थशून्य नाही.

कानेटकरांची युक्ती भवभूतीच्या जवळ जाणारी आहे. ते दोष लपवीत नाहीत. दोषाचे स्थान बदलतात. माहुलीचे प्रकरण राज्यद्रोह म्हणून न पाहता एका घरातील, पित्याच्या मोठेपणाखाली घुसमटणाऱ्या पुत्राचा आक्रोश म्हणून पाहिले की पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांमधील संबंधच पालटतो. पिता आपल्या जागी बरोबर आणि पुत्रही आपल्या जागी बरोबर, असा दोन न्याय्य बाजूंचा संघर्ष उभा राहतो. हेगेलने शोकांतिकेविषयी जे म्हटले त्याच्याशी हे जुळते. दि गोवा हिंदु असोसिएशनच्या या नाटकात काशिनाथ घाणेकरांनी साकारलेला संभाजी साठोत्तरी तरुण प्रेक्षकाला आपला वाटला, याचे कारण ऐतिहासिक वेशातील ही पिढ्यांची कथा होती. तिची मर्यादाही तेथेच आहे : राज्यकारभार, सैन्य, रयत यांचा प्रश्न कुटुंबाच्या दिवाणखान्यात मावेल इतका लहान होतो. भूपाळगडावरच्या माणसांचे तुटलेले हात त्या दिवाणखान्यात दिसत नाहीत.

१९६८ च्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ मध्ये कानेटकरांनी दुसरी वाट घेतली. कथा शेवटापासून पाहायची, आणि मृत्यूलाच विजय मानायचा. ही वाट पुढे राजमार्ग झाली.

५

शिवाजी सावंत यांनी १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’मधून कर्णाला न्याय दिला होता. १९७९ ची ‘छावा’ ही त्याच न्यायबुद्धीची पुढची पायरी. महाकाव्यातील उपेक्षिताची बाजू मांडण्याचे तंत्र त्यांनी इतिहासातील उपेक्षितासाठी वापरले : ओथंबलेली भाषा, अंतर्मनाचे दीर्घ निवेदन, येसूबाईंच्या व्यक्तिरेखेला दिलेले बळ आणि सर्व प्रसंगांवर अखेरच्या बलिदानाची पडणारी छाया. मराठी वाचकाच्या मनातून जुना साचा पुसण्याचे श्रेय कोणत्याही संशोधनग्रंथापेक्षा या कादंबरीला अधिक जाते. विश्वास पाटील यांच्या ‘संभाजी’ (२००५) या कादंबरीत भर बलिदानाइतकाच कारकिर्दीवर आहे. मोहिमा, आघाड्या, आरमार, गड यांची गजबज आहे.

शीर्षकांचा क्रम लावून पाहावा. ‘छावा’ म्हणजे सिंहाचे पिल्लू. ‘शिवपुत्र संभाजी’ म्हणजे शिवाजीचा पुत्र. कैवार घेणारी ही शीर्षकेसुद्धा नायकाला पूर्वार्धाशीच बांधतात, त्याची ओळख पित्यावरून सांगतात. बेंद्र्यांनी ‘छत्रपती’ हे पद वापरून त्याला पित्याच्या बरोबरीचा अधिकार दिला, आणि पाटलांच्या शीर्षकात केवळ नाव उरले. उत्तरचरिताला स्वतंत्र चरित होण्यासाठी किती काळ लागतो, हे या चार शीर्षकांवरून कळते. २०१७ ते २०२० या काळातील ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही दूरचित्रवाणी मालिका आणि ‘छावा’वर आधारलेला लक्ष्मण उतेकर यांचा २०२५ चा हिंदी चित्रपट यांनी ही पुनर्रचना मराठीच्या बाहेर नेली. तेथे मात्र शीर्षकाची फेरी पुन्हा छाव्यापाशीच येऊन थांबली.

६

या पुनर्रचनेने काय साधले याविषयी दुमत नसावे. वैरभावाने किंवा आळसाने रूढ झालेला एक अन्याय तिने दूर केला. प्रश्न उरतो तो तिच्या किमतीचा.

ही किंमत दोन प्रकारची आहे. पहिली कथनातली. मृत्यूपासून मागे वाचलेल्या चरित्रात सर्व प्रसंग मृत्यूची तयारी ठरतात. मग माहुलीचे निघणे हे निघणे राहात नाही. त्यामागे काही गुप्त योजना असली पाहिजे, पित्याची संमती असली पाहिजे, असे कल्पावेसे वाटू लागते. असा तर्क मांडण्यास इतिहासकाराला पुरावा लागतो; कादंबरीकाराला आणि त्याहून अधिक पटकथाकाराला केवळ गरज पुरते. आनंदवर्धनाची मुभा येथे गैरवापरात जाते : रसाला प्रतिकूल म्हणून जे टाकले जाते तेच पात्राला माणूस करणारे असते. जुन्या साच्यात नायकाला गुण नव्हते, नव्या साच्यात त्याला दोष नाहीत. दोन्हींत त्याला निवड करण्याचे स्वातंत्र्य नाही, आणि निवडीवाचून शोकात्मता संभवत नाही.

दुसरी किंमत सार्वजनिक जीवनातली आहे. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. कारण म्हणून ‘राजसंन्यास’मधील चित्रण पुढे केले गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटककाराने त्याच्या काळी मान्य असलेल्या साधनांवरून रचलेली अपुरी कृती ही आज वाद घालण्याचा विषय असू शकते. ती खोडण्याचा नव्हे. पुनर्कथनाचा अधिकार मागणाऱ्याने पूर्वीच्या कथनाचे अस्तित्व मान्य करावे लागते. ‘राजसंन्यास’ नसेल तर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ कशाला उत्तर देते, हेच कळेनासे होईल. सर्व्हान्तेसने बनावट दुसरा भाग जाळला नाही. आपल्या पात्रांच्या हाती दिला आणि त्यांना त्यावर बोलू दिले.

म्हणून चांगल्या उत्तरचरिताचा निकष नायक पूर्वार्धाइतका उंच झाला की नाही हा नसावा. पूर्वार्धातील विजयांप्रमाणेच उत्तरार्धातील अवघड प्रसंगांकडेही कृती सरळ पाहू शकते की नाही, हा असावा. भवभूतीच्या रामाची थोरवी सीतात्याग न केल्यात नाही. केलेल्या त्यागाचे ओझे वाहण्यात आहे. या दृष्टीने पाहता संभाजीकथेचे मराठीतील समाधानकारक उत्तरचरित अद्याप लिहिले जायचे आहे, असे म्हणावे लागते. त्याला बेंद्र्यांची साक्षेपी वृत्ती लागेल, कानेटकरांचे दोन्ही बाजूंना न्याय देणारे नाट्यभान लागेल, सावंतांची सहानुभूती लागेल. शिवाय एक गोष्ट लागेल, जी या तिघांकडेही पुरेशी नव्हती : भूपाळगडाच्या तटावर उभ्या असलेल्या फिरंगोजी नरसाळ्याच्या जागेवरून युवराजांकडे पाहण्याची तयारी. ज्याच्यावर तोफ डागायची तो आपल्या धन्याचा मुलगा आहे, हे ठाऊक असलेल्या किल्लेदाराचा पेच ज्या कृतीत खरा उतरेल, तीत १६७९ चा युवराज आणि १६८९ चा छत्रपती हे एकाच माणसाचे दोन काळ म्हणून दिसू शकतील. तसे झाले म्हणजे त्या मृत्यूची किंमत कमी होणार नाही. तो मरण पत्करणारा माणूस दहा वर्षांत कोठून कोठे आला, हे वाचकाला प्रथमच मोजता येईल.